बटण दाबण्याआधी कोण ठरवतं?

जुलै १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरले, तेव्हा तिथले फोटो काढण्यासाठी त्यांच्याकडे हॅसलब्लाड कंपनीचा कॅमेरा होता. स्पेससूटच्या छातीवर तो अडकवता येत असे. त्याला डोळा लावून पाहायची सोय नव्हती, कारण हेल्मेट घातल्यावर तिचा उपयोगच झाला नसता. प्रकाश मोजणारा मीटर नव्हता. फोकस हाताने करायचा होता आणि जाड हातमोज्यांनी फिरवता याव्यात म्हणून लेन्सच्या कड्यांना बाहेर आलेले खुंटे बसवले होते. वस्तू उन्हात असेल तर अ‍ॅपर्चर किती आणि सावलीत असेल तर किती, याचा छोटा तक्ता फिल्मच्या मॅगझिनवर चिकटवलेला होता. यंत्राकडे एकच काम सोपवलं होतं: एक फोटो झाला की मोटर फिल्म पुढे सरकवत असे. सहकारी बझ ऑल्ड्रिन यांचं ते जगप्रसिद्ध छायाचित्र, ज्यात त्यांच्या हेल्मेटच्या काचेत फोटो काढणारे आर्मस्ट्राँग स्वतः दिसतात, याच कॅमेऱ्याने काढलेलं आहे.

चंद्रावर ढग नाहीत, धूळ तरंगत ठेवणारी हवा नाही. काही तासांत तिथलं ऊन फारसं बदलणार नव्हतं. त्यामुळे किती प्रकाश असेल याचा हिशेब पृथ्वीवर बसून आधीच करता आला. फिल्म सरकवण्याचं काम मात्र तिथे, जाड हातमोज्यांनी, वारंवार करावं लागलं असतं. म्हणून ते मोटरला दिलं. प्रत्येक कामाबाबत ‘हे माणसाने करावं की यंत्राने’ असा वेगळा विचार केला गेला होता.

हौशी फोटोग्राफरांच्या गप्पांत ‘मॅन्युअल चांगला की ऑटोमॅटिक’ हा वाद नेहमी रंगतो. एक बाजू म्हणते, खरी फोटोग्राफी हाताने फोकस करण्यात आहे. दुसरी म्हणते, यंत्र बिनचूक करतं ते आपण कशाला करायचं? दोन्ही बाजू कॅमेऱ्याकडे अखंड वस्तू म्हणून पाहतात, आणि तिथेच वाद फसतो. कॅमेरा म्हणजे अनेक निर्णयांचा संच आहे. त्यातला कोणता निर्णय कोण घेतं आणि केव्हा घेतं, एवढं पाहिलं की बराचसा वाद मिटतो.

चार निर्णय

अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं लहानमोठं होणारं छिद्र. शटर स्पीड म्हणजे प्रकाश किती वेळ आत येऊ द्यायचा ते. आयएसओ म्हणजे फिल्म किंवा सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील धरायचा ते. चौथा निर्णय फोकसचा, म्हणजे कोणत्या अंतरावरची वस्तू स्पष्ट हवी याचा. साध्यातला साधा असो वा लाखो रुपयांचा, प्रत्येक कॅमेऱ्यात हे चार निर्णय कुणीतरी घेतलेलेच असतात.

पहिले तीन एकमेकांशी बांधलेले आहेत. अ‍ॅपर्चर एफ/१६ (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान) आणि १/१२५ सेकंद या जोडीने जेवढा प्रकाश आत येतो, तेवढाच एफ/८ आणि १/५०० सेकंद या जोडीनेही येतो. दोन्ही फोटो सारखेच उजळ दिसतील, पण फोटो सारखे नसतील. पहिल्यात जवळची माणसं आणि मागचं देऊळ दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतील, पण धावणारं मूल हललेलं दिसेल. दुसऱ्यात मूल जागच्या जागी गोठेल आणि देऊळ जरा पुसट होईल. यातला ‘बरोबर’ फोटो कोणता, हे गणित सांगू शकत नाही. मूल हवं आहे की देऊळ, हे ज्याला माहीत आहे त्यानेच ते सांगायचं असतं.

साधा म्हणजे मॅन्युअल नव्हे

साधा कॅमेरा आणि मॅन्युअल कॅमेरा यांत गल्लत होते. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमन यांनी पहिला कोडॅक कॅमेरा २५ डॉलरला विकायला आणला. त्यात शंभर फोटोंचा रोल भरलेला असे. रोल संपला की अख्खा कॅमेरा रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा. फोटो छापून आणि नवा रोल भरून तो परत येई. कॅमेरा अगदी साधा होता, पण त्यात माणसाने ठरवण्यासारखं जवळजवळ काही नव्हतं. छिद्र, वेग, फोकस सगळं कारखान्यातच कायमचं ठरवून टाकलेलं होतं.

आपल्याकडच्या कित्येक घरांतले जुने कृष्णधवल फोटो ज्याने काढले, तो बडोद्यात तयार होणारा आगफा क्लिक थ्री हा याच जातीचा. १२० नंबरचा रोल, त्यावर बारा चौकोनी फोटो, आणि ऊन की ढग अशी मोजकीच निवड. भर उन्हात, सूर्य पाठीशी ठेवून, चार पावलं लांब उभं राहिलं की फोटो हमखास येई. संध्याकाळी घरात तो फारसं काही करू शकत नसे. निर्णय कारखान्यात झाला होता आणि तो भर उन्हासाठी झाला होता.

मॅन्युअल कॅमेरा याच्या उलट टोकाला असतो. १९८२ मध्ये आलेला निकॉन एफएम२ घ्या. त्याचं शटर पूर्णपणे यांत्रिक होतं आणि सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंत वेगाने चालत होतं. दोन छोटे बटणसेल फक्त मीटरसाठी लागत. प्लस, शून्य आणि मायनस अशा तीन लाल खुणांतली एक व्ह्यूफाइंडरमध्ये पेटे आणि प्रकाश जास्त आहे, पुरेसा आहे की कमी, एवढंच सांगे. पुढचं सगळं फोटोग्राफरच्या हाती. सेल संपले तरी कॅमेरा चालू राही.

यंत्र शिकत गेलं

प्रकाश मोजून छिद्र आपोआप ठरवणारा पहिला कॅमेरा १९३८ मध्ये कोडॅकनेच आणला, सुपर सिक्स-२०. प्रकाश पडला की वीज निर्माण करणारा सेलेनियमचा सेल त्यात होता. किंमत २२५ डॉलर असल्याने तो सामान्यांच्या हाती गेला नाही. १९६४ च्या पेंटॅक्स स्पॉटमॅटिकने लेन्समधून आत आलेला प्रकाश मोजण्याची सोय सर्वांपर्यंत पोहोचवली. १९७६ मध्ये कॅनन एई-१ मध्ये मायक्रोप्रोसेसर आला. शटर स्पीड तुम्ही ठरवायचा, अ‍ॅपर्चर तो ठरवणार. यांत्रिक जोडण्यांची जागा इलेक्ट्रॉनिक सर्किटने घेतल्यामुळे सुटे भाग कमी झाले, जुळणी सोपी झाली आणि किंमत आवाक्यात आली. ऑटोमॅटिक म्हणजे महाग, हे समीकरण तिथे मोडलं.

फोकस स्वयंचलित करणं जास्त अवघड होतं. १९७७ च्या कोनिका सी३५ एएफ या छोट्या कॅमेऱ्याने सुरुवात केली आणि १९८५ च्या मिनोल्टा ७००० ने लेन्स बदलता येणाऱ्या एसएलआर कॅमेऱ्याच्या अंगातच फोकसची मोटर बसवली. त्यानंतर अकरा वर्षांनी आलेल्या निकॉन एफ५ मध्ये रंग ओळखणारा १००५ बिंदूंचा मीटर होता आणि समोरचं दृश्य ताडून पाहण्यासाठी तीस हजारांहून अधिक दृश्यांची माहिती त्याच्या स्मृतीत होती. आजचा कॅमेरा माणसाचा डोळा, पक्ष्याचा डोळा, धावती गाडी ओळखतो आणि त्यांचा पाठलाग करतो.

हा प्रवास थक्क करणारा आहे. पण प्रत्येक पायरीवर यंत्र जे ठरवतं, त्यामागे एक गृहीतक असतं. ते गृहीतक ज्याला ठाऊक आहे, तोच यंत्राचा नीट उपयोग करू शकतो.

म्हैस आणि गायबगळा

मीटरला समोर काय आहे हे मुळात कळत नाही. तिथून किती प्रकाश परतून येतो एवढंच कळतं. म्हणून तो असं धरून चालतो की जगातलं कुठलंही दृश्य सरासरीने मध्यम करडं असतं. त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारं करडं. बहुतेक वेळा हे खरं निघतं, म्हणून बहुतेक फोटो चांगले येतात.

आता माळावर चरणारी म्हैस आणि तिच्या पाठीवर बसलेला गायबगळा पाहा. दोघांवर ऊन तेच. चौकटीत म्हैसच म्हैस घेतली तर मीटरला वाटतं, फार अंधार आहे. तो प्रकाश वाढवतो, म्हैस राखाडी होते आणि बगळ्याची पिसं जळून नुसता पांढरा डाग उरतो. बगळ्यावर झूम केलं तर मीटरला वाटतं, फार उजेड आहे. बगळा मळकट होतो आणि म्हैस काळा गोळा. काळ्या दगडातला किल्ल्याचा बुरूज, बर्फाचा डोंगर, पांढऱ्या कपड्यांतले वारकरी, सगळीकडे हेच घडतं. आधुनिक मीटर पुष्कळ शहाणा झाला आहे, तरी चौकट एकाच टोकाच्या रंगाने भरली की तो अजून चुकतो.

चंद्राचा फोटो हे याचंच ठळक उदाहरण. पौर्णिमेचा चंद्र काळ्या आकाशात दिसतो, म्हणून ऑटोमॅटिक कॅमेरा अंधाराचा हिशेब करतो आणि चंद्राची पांढरी टिकली होते. खरं तर चंद्रावर पडलेलं असतं ते भर दुपारचं ऊन. आयएसओ १००, १/१२५ सेकंद आणि एफ/११ असं हाताने ठरवलं की त्यावरचे डाग स्पष्ट येतात.

पृथ्वीवरच्या उन्हासाठीही असा जुना नियम आहे: निरभ्र ऊन असेल तर एफ/१६ आणि शटर स्पीड आयएसओच्या आकड्याइतका, म्हणजे आयएसओ १०० ला साधारण १/१२५. आकाश ढगाळलं तर एफ/८, सावलीत एफ/५.६ किंवा एफ/४. फिल्मच्या खोक्यावर किंवा आतल्या कागदावर सूर्य आणि ढगांची चित्रं काढून हेच छापलेलं असे. या नियमाचं बलस्थान असं की तो वस्तूचा रंग बघतच नाही. तिच्यावर पडणारा प्रकाश बघतो. म्हैस आणि बगळा दोघेही त्यात जसे आहेत तसे येतात.

आधी ठरवलं की हात मोकळा

मॅन्युअल कॅमेरा हळू असतो, हा समज अर्धाच खरा आहे. फोटोच्या क्षणी सगळं ठरवायला बसलं तर तो हळूच असतो. आधी ठरवून ठेवलं तर त्याच्याइतकं चपळ काही नाही.

३५ मिलिमीटरची लेन्स एफ/८ वर ठेवून फोकस पाच मीटरच्या थोडा पुढे लावला, तर फुल फ्रेम कॅमेऱ्यात सुमारे अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. जुन्या लेन्सवर त्यासाठी अंतराची पट्टीच कोरलेली असे. गणपतीच्या मिरवणुकीत दुपारच्या उन्हात लेझीम पथकाचे फोटो काढणाऱ्याने हे एकदा लावलं की त्याला कड्यांना हात लावायची गरज नाही. फोकस शोधत लेन्स पुढेमागे होणार नाही. समोरून पांढरा झेंडा गेला म्हणून पुढचा फोटो अंधारणार नाही. त्याने फक्त चेहरे पाहायचे आणि बटण दाबायचं.

जुने वृत्तछायाचित्रकार अशाच तयारीवर काम करत. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि पुढे दिल्लीत स्पीड ग्राफिक, रोलीफ्लेक्स अशा कॅमेऱ्यांनी त्यांनी स्वातंत्र्याचा काळ टिपला. स्पीड ग्राफिकमध्ये प्रत्येक फोटोआधी शटर हाताने ताणून ठेवावं लागे, फिल्मपुढची पट्टी ओढून काढावी लागे आणि फ्लॅश वापरला तर प्रत्येक फोटोला नवा बल्ब. लागोपाठ दहा फोटो काढून एक निवडण्याची सोयच नव्हती. कोण कुठून येईल, कुठे थांबेल, हस्तांदोलन कुठे होईल, याचा अंदाज घेऊन अंतर आणि प्रकाश आधी ठरवायचा आणि क्षणाची वाट पाहायची. ती शिस्त त्या कॅमेऱ्याने लावली.

यंत्राला मान द्यावा अशा जागा

तरीही फोकसच्या बाबतीत यंत्राला मनापासून मान दिला पाहिजे. उजनीच्या पाणथळात भिगवणजवळ उडणारा रोहित पक्षी मोठ्या टेलिफोटो लेन्समधून हाताने फोकसमध्ये धरून ठेवणं हे फार थोड्यांना जमणारं काम होतं. आज नवखाही ते करू शकतो. इथे अनुभवी माणूस काय करतो ते पाहण्यासारखं आहे. फोकस तो यंत्राला देतो आणि एक्स्पोजर, म्हणजे आत येणाऱ्या प्रकाशाचा हिशेब, स्वतःकडे ठेवतो. कारण पक्षी आधी उजळ आकाशापुढून आणि मग गर्द काठापुढून जातो. पार्श्वभूमी बदलते, पक्ष्यावरचं ऊन बदलत नाही. यंत्र पार्श्वभूमीला फसेल, माणूस फसणार नाही.

लग्नात नेमकं उलट. नवरानवरी बोहल्यावरून उठून हॉलच्या दारात उन्हात येतात, तेव्हा दहा पावलांत प्रकाश कित्येक पटींनी वाढतो. तिथे एक्स्पोजर ऑटोमॅटिक ठेवणं शहाणपणाचं. पाठीमागे उजेड असेल तर दुरुस्तीच्या बटणाने प्लस एक करायचं, पांढऱ्या शालूलाही प्लस, काळ्या कोटाला मायनस. ही दुरुस्ती म्हणजे माणूस आणि यंत्र यांच्यातली सर्वांत उपयोगी तडजोड आहे. फार थोडे लोक ती वापरतात, याचं वाईट वाटतं.

शिवाय चाळिशीनंतरचे डोळे. चष्मा लावून व्ह्यूफाइंडरमध्ये बारीक फोकस करणं कष्टाचं होतं, आणि ऑटोफोकसने कित्येकांना पुढची वीस-तीस वर्षं फोटो काढता आले. जुन्या एसएलआरच्या काचेवर मधोमध दुभंगलेली प्रतिमा दिसायची. दोन तुकडे जुळले की फोकस बरोबर. ऑटोफोकसच्या काळातल्या बहुतेक कॅमेऱ्यांतून ती काच गेली, म्हणून त्यांवर हाताने फोकस करणं आणखी कठीण झालं. आताच्या मिररलेस कॅमेऱ्यांत प्रतिमा मोठी करून पाहता येते आणि स्पष्ट कडांना रंग चढतो, त्यामुळे जुन्या मॅन्युअल लेन्सना पुन्हा दिवस आले आहेत.

दोन्ही प्रकार एकाच माणसाच्या हाती कसे शोभतात, हे छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांच्या कामात दिसतं. १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो त्यांनी मॅन्युअल निकॉन एफएम२ ने कोडाक्रोम फिल्मवर काढला. २०१० मध्ये कोडाक्रोमचा कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल त्यांच्याकडेच आला. त्यातले काही फोटो त्यांनी मुंबईत आणि राजस्थानात काढले, आणि ते ऑटोफोकस असलेल्या अत्याधुनिक निकॉन एफ६ वर. फक्त छत्तीस फोटो, दुसरी संधी नाही. अशा वेळी त्यांनी प्रगत यंत्र निवडलं. त्यांची नजर मात्र दोन्ही वेळा त्यांचीच होती.

फोटो काढल्यानंतरचा निर्णय

मोबाईलने या गोष्टीत नवा टप्पा आणला. मॅन्युअल कॅमेऱ्यात निर्णय आधी होतो, ऑटोमॅटिकमध्ये त्या क्षणी होतो, आणि मोबाईलमध्ये बराचसा नंतर. २०१८ मध्ये गुगलच्या पिक्सेल फोनमध्ये आलेली रात्रीच्या फोटोंची सोय एका दाबण्यात पंधरापर्यंत फोटो घेते आणि ते एकावर एक जुळवून उजळ चित्र तयार करते. हातात धरून, फ्लॅशशिवाय, अंधाऱ्या गल्लीचा फोटो! मॅन्युअल कॅमेऱ्याला हे तिपाईशिवाय जमलं नसतं.

पण इथेही गृहीतक आहेच. ९ सप्टेंबर २०२० रोजी कॅलिफोर्नियातल्या वणव्यांच्या धुराने सॅन फ्रान्सिस्कोचं आकाश भर दिवसा नारिंगी झालं. लोकांनी मोबाईल वर केले आणि अनेकांच्या फोटोंत आकाश करडं आलं. दिवसाचं आकाश नारिंगी नसतं, हे गृहीत धरून यंत्राने रंग ‘दुरुस्त’ केला होता. ज्यांनी रंगसंतुलन (व्हाइट बॅलन्स) हाताने बांधलं, त्यांनाच खरं आकाश मिळालं. चंद्राबाबतही असंच. आपल्या फोनमधली कृत्रिम बुद्धिमत्ता चंद्र ओळखून त्याचे बारकावे ठळक करते, असं सॅमसंगने २०२३ मध्ये स्वतःच स्पष्ट केलं. फोटो सुंदर येतो. पण त्यात डोळ्यापुढचं किती आणि शिकवलेलं किती, हे सांगता येत नाही. एरवी हे चालून जातं. असाधारण काही घडतं तेव्हा मात्र अडतं, आणि कॅमेऱ्याची खरी गरज तेव्हाच असते.

निवाडा

हाताने फिरवायच्या चकत्या आणि कडी आज पुन्हा परतली आहेत. लायकाने २०१४ मध्ये सेल आणि मीटर दोन्ही नसलेला एम-ए काढला, निकॉनने २०२३ मध्ये एफएम२ च्या धर्तीवर डिजिटल झेडएफ आणला, पेंटॅक्सने २०२४ मध्ये हाताने फिल्म सरकवायचा नवा कॅमेरा बाजारात ठेवला. यामागे जुन्याची ओढ आहेच. पण चकतीचा एक निखळ फायदाही आहे: कॅमेरा बंद असतानाही काय ठरवलं आहे ते नजरेला दिसतं, आणि जे दिसतं त्याचा विचार होतो.

माझं मत स्पष्ट आहे. प्रकाश स्थिर असेल तर एक्स्पोजर स्वतः ठरवा. प्रकाश झरझर बदलत असेल तर यंत्राला द्या आणि प्लस-मायनस हाताशी ठेवा. वेगाने हलणाऱ्या वस्तूचा फोकस यंत्राला द्या. गर्दीत, जवळच्या माणसांत, अंतर आधी लावून ठेवा. मोबाईलने रंग बदलला असं वाटलं तर रंगसंतुलन बांधून टाका.

शिकण्यासाठी जुना कॅमेरा विकत घ्यायची गरज नाही. तुमच्याकडच्या डिजिटल कॅमेऱ्यावर मॅन्युअलसाठीचं एम हे अक्षर बहुधा असतं, आणि बऱ्याच मोबाईलमध्ये ‘प्रो’ नावाची सोय असते. एका निरभ्र दिवशी ती लावा, आयएसओ १०० ठेवा आणि उन्हाच्या नियमाने सुरुवात करा. मोबाईलमध्ये छिद्र सहसा बदलता येत नाही, म्हणून तिथे शटर स्पीड वाढवत न्या. फोटो लगेच दिसतो, चूक लगेच कळते आणि रोल वाया जात नाही. ही सोय मागच्या पिढ्यांना कधी मिळाली नव्हती. आठवडाभर असं करून मग पुन्हा ऑटोमॅटिकवर या. यंत्र काय गृहीत धरतंय आणि कुठे चुकणार आहे, हे तुम्हाला बटण दाबण्याआधीच कळू लागेल, आणि कोणता निर्णय स्वतःकडे ठेवायचा हेही.